माणूस एक, मृत्युपत्रं दोन

अनुवादाच्या कामाला लागले त्याच्या पहिल्याच महिन्यात माझ्या टेबलावर एका परदेशी गृहस्थांचं मृत्युपत्र आलं. चारच पानं होती. पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत ‘लास्ट विल अँड टेस्टामेंट’. मी शब्दकोश उघडला. विल म्हणजे इच्छापत्र. टेस्टामेंट म्हणजे मृत्युपत्र. मधे ‘अँड’, म्हणजे दोन्ही हवीत. मी मन लावून लिहिलं, ‘शेवटचे इच्छापत्र आणि मृत्युपत्र’. आणि एकदा दोन म्हटल्यावर व्याकरणाला धरून पुढे चारही पानांवर ‘ही दोन्ही पत्रे’, ‘या दोन्ही पत्रांन्वये’ असं करत गेले.

आमचे वरिष्ठ मोजकंच बोलायचे. त्यांनी पानं चाळली, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, “अगं, हे गृहस्थ किती वेळा वारले?”

“एकदाच, सर.”

“मग मृत्युपत्रं दोन कशी?”

मी गप्प. त्यांनी पेन्सिल घेतली, सगळी अनेकवचनं एकवचनी केली, ‘इच्छापत्र आणि’ एवढं खोडलं आणि कागद परत देताना म्हणाले, “इंग्रजीतला हा ‘अँड’ दर वेळी बेरीज करत नाही. कधी करतो, कधी नुसताच बसून असतो. ते बघून घ्यायचं.”

हे ‘बघून घेणं’ किती वर्षं पुरणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती. त्या दिवसापासून मी इंग्रजीतल्या जोड्या जमवते आहे. नल अँड व्हॉइड. पार्ट अँड पार्सल. सेफ अँड साउंड. किथ अँड किन. बाय अँड लार्ज. लोक या जोड्या एका श्वासात बोलून मोकळे होतात, त्यांच्या आत काय आहे हे पाहायची वेळ बोलणाऱ्यावर येत नाही. अनुवादकावर येते, कारण त्याला दोन्ही शब्दांचं काहीतरी करावं लागतं.

कायद्याच्या कागदांत या जोड्यांचं पेव फुटलेलं असतं, आणि त्यामागे एक जुनी लढाई आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली, चर्चची आणि दप्तराची लॅटिन होतीच, आणि प्रजा मात्र आपली इंग्रजीच बोलत राहिली. पुढची काही शतकं इंग्लंडच्या न्यायालयांत वकिली चालली ती फ्रेंचमध्ये. वादीला कळेना, प्रतिवादीला कळेना. शेवटी १३६२ साली तिसऱ्या एडवर्डच्या काळात कायदा झाला की फ्रेंच भाषा लोकांना फारशी समजत नाही, तेव्हा यापुढे न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत आणि नोंदी लॅटिनमध्ये ठेवाव्यात. गंमत अशी, की हा कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये. वकिलांनी तो मनावर घेतला नाही हे सांगायला नकोच. त्यांची मोडकी फ्रेंच पुढेही कित्येक पिढ्या चालू राहिली, आणि इंग्लंडच्या न्यायालयांत कागदोपत्रीसुद्धा इंग्रजीच चालेल असं कायमचं ठरलं ते १७३३ सालापासून.

अशा तीन भाषांच्या गर्दीत लिहिणारा कारकून काय करेल? तो एका गोष्टीला दोन नावं देऊन ठेवेल. ‘विल’ अस्सल इंग्रजी, ‘टेस्टामेंट’ लॅटिनमधून आलेला. ‘फिट’ इंग्रजी, ‘प्रॉपर’ फ्रेंच. ‘गुड्स’ इंग्रजी, ‘चॅटल्स’ फ्रेंच. या शेवटच्या चॅटल्सचं कूळ तर फारच मजेशीर आहे. लॅटिनमध्ये ‘कापिताले’ म्हणजे मालमत्ता, मुद्दल. तो शब्द एका वाटेने इंग्रजीत शिरला आणि ‘कॅटल’ झाला, दुसऱ्या वाटेने ‘चॅटल’ झाला, आणि तिसऱ्या वाटेने ‘कॅपिटल’. गोठ्यातली गाय, घरातलं सामान आणि पेढीतलं भांडवल ही तिन्ही सख्खी भावंडं.

हे वाचताना मला आपल्या भाषेतली ‘चीजवस्तू’ आठवली आणि हसू आलं. चीज फारसी, वस्तू संस्कृत. दोन्हींचा अर्थ तोच. गुड्स अँड चॅटल्सचं याहून नेमकं मराठी कुणी बसून बनवलं असतं तरी जमलं नसतं. मग एकेक निघतच गेले. कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट, मानमरातब. एक पाय संस्कृतात किंवा मराठीत, दुसरा फारसी-अरबीत. ‘नल अँड व्हॉइड’ला आपण ‘रद्दबातल’ म्हणतो, त्यात तर दोन्ही शब्द अरबी. तिकडेही दोन्ही शब्द परकेच, फ्रेंचमधून आलेले. दोन कारकून, दोन वेगळ्या जगांतले, एकमेकांना कधीही न भेटलेले, आणि दोघांनाही एकच भीती. एक शब्द लिहिला आणि समोरच्याने तो ओळखलाच नाही तर?

अर्थात हे सगळं भाषेच्या सरमिसळीने झालं असं म्हणून हात झटकता येत नाहीत. ‘सीझ अँड डिझिस्ट’मध्ये दोन्ही शब्द फ्रेंच वाटेने आलेले आहेत, दोन्हींचा अर्थ थांबणं, तिथे कुणाला काय समजावून सांगायचं होतं? ‘माइट अँड मेन’मध्ये दोन्ही अस्सल जुने इंग्रजी आहेत, आणि दोन्हींचा अर्थ ताकद. ते विल्यमच्या आधीपासूनचे. जुन्या इंग्रजी कवितेला यमक नव्हतं. तिथे ओळीतले शब्द एकाच अक्षराने सुरू करून ओळ बांधायची रीत होती. ती सवय कान सोडत नाही. किथ अँड किन, पार्ट अँड पार्सल, सेफ अँड साउंड, हेल अँड हार्टी, रॅक अँड रुइन, सगळ्यांना सारखंच पहिलं अक्षर. मला वाटतं, यातल्या निम्म्या जोड्यांचं खरं कारण कानाला बरं वाटणं एवढंच असावं. कायद्याच्या माणसांनी त्याला नंतर खबरदारी असं भारदस्त नाव दिलं.

आता दुसरी बाजू. सरांचा तो धडा मी इतका मनावर घेतला की पुढची दोन-तीन वर्षं जोडी दिसली की एक शब्द उडवायचा असा सपाटाच लावला. मग एकदा एका जहाज-विम्याच्या मसुद्यात ‘फ्लॉटसम अँड जेटसम’ आलं. रोजच्या इंग्रजीत याचा अर्थ कचरा, किडूकमिडूक, वाहत आलेलं काहीबाही. मी लिहिलं, ‘समुद्रात तरंगणारे सामान’, आणि पुढच्या कलमाकडे वळले. तो मसुदा जसाच्या तसा परत आला, आणि यावेळी सरांनी पेन्सिलही लावली नव्हती. फक्त समासात प्रश्नचिन्ह.

कारण सागरी कायद्यात या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जहाज फुटल्यावर जो माल आपोआप पाण्यावर तरंगत राहिला तो फ्लॉटसम. जहाज बुडू नये, हलकं व्हावं म्हणून खलाशांनी जो माल स्वतः समुद्रात फेकला तो जेटसम. म्हणजे फरक वस्तूत नाहीच, ती पाण्यात कशी पडली त्यात आहे. त्यांच्यासोबत आणखी दोघं असतात, ज्यांना रोजच्या बोलण्यात कुणी विचारत नाही. पुढे परत काढता यावा म्हणून तरंगती खूण बांधून बुडवलेला माल तो ‘लॅगन’, आणि परत मिळायची आशा सोडून टाकून दिलेलं ते ‘डेरेलिक्ट’. ब्रिटनच्या १९९५ च्या व्यापारी नौवहन कायद्यात आजही ही चारही नावं आहेत, आणि तिथल्या किनाऱ्यावर असं काही सापडलं तर २८ दिवसांच्या आत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ नावाच्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. लाटेबरोबर आलेलं एक पिंप. ते पडलं की फेकलं, की खूण बांधून बुडवलं, यावर कुणाचा किती हक्क ते ठरत आलेलं आहे. आणि मी ते सगळं ‘तरंगणारे सामान’ म्हणून एका पोत्यात भरलं होतं.

म्हणजे इथे ‘अँड’ बेरीज करत होता.

मग कळायचं कसं? याच प्रश्नावर एकदा इंग्लंडच्या सरन्यायाधीशांनाही थांबावं लागलं, हे नंतर वाचलं तेव्हा मला बराच धीर आला. ‘एड अँड अबेट’ ही जोडी सगळ्यांच्या तोंडी असते. गुन्ह्याला मदत करणं आणि चिथावणं. १८६१ च्या कायद्यात तिचं चौकडं आहे: एड, अबेट, काउन्सेल, प्रोक्युअर. १९७५ साली एक मुद्दा अपील न्यायालयापुढे आला. एखाद्याच्या पेयात त्याच्या नकळत दारू मिसळली, तो गाडी चालवत निघाला आणि दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पकडला गेला, तर मिसळणारा गुन्हेगार ठरतो का? त्याने मदत केली म्हणावं की चिथावलं म्हणावं? चालवणाऱ्याला तर पत्ताच नाही! सरन्यायाधीश लॉर्ड विजरी यांनी सांगितलं की या चार शब्दांचे अर्थ वेगळे आहेत असंच धरून चालू या. दोन-तीन शब्दांत भागत असताना चार वापरून संसदेने स्वतःचा वेळ कशाला वाया घालवला असता? आणि मग मिसळणाऱ्याला त्यांनी चौथ्या शब्दात पकडलं, ‘प्रोक्युअर’मध्ये, म्हणजे घडवून आणणं.

मला हा युक्तिवाद फार आवडतो आणि अजिबात पटत नाही. शब्द वाया घालवायचे नाहीत असं वकिलांनी कधी ठरवलं होतं? पण न्यायाधीशाला तसं म्हणून चालत नसावं. कायद्यात आलेला प्रत्येक शब्द काहीतरी काम करायला आला आहे असं मानणं हा त्याच्या धंद्याचा भाग. पार्ट अँड पार्सल म्हणा हवं तर.

त्या पार्ट अँड पार्सलचंही सांगून टाकते. पार्सल म्हटलं की डोळ्यांपुढे सुतळीने बांधलेलं पुडकं येतं. पण तो अर्थ नंतरचा. मूळ लॅटिन ‘पार्स’ म्हणजे भाग, त्यापासून ‘पार्ट’. त्याच ‘पार्स’चं लाडकं, लहानसं रूप फ्रेंचमधून ‘पार्सल’ होऊन आलं. म्हणजे ही जोडी आहे ‘भाग आणि लहानगा भाग’. जमिनीच्या तुकड्याला इंग्रजी दस्तांत अजूनही पार्सल म्हणतात ते यामुळेच. आपण याला ‘अविभाज्य घटक’ करतो. बरोबर आहे, पण त्यात ती मायलेकरांची गंमत गेली.

जोड्यांमधल्या मला सगळ्यांत प्रिय कोणत्या, तर ज्यांच्यातला एक शब्द कधीच मरून गेला आहे त्या. बाहेर कुठेही त्याला कुणी विचारत नाही. फक्त जोडीदाराने हात धरून ठेवलाय म्हणून उभा आहे. शेजारीपाजारीतला पाजारी, उरल्यासुरल्यातला सुरला, बारीकसारीकमधलं सारीक यांना एकट्याने फिरताना कुणी पाहिलंय? पण आपल्याकडे हे बहुतेक नादाचे सोबती, मागच्या शब्दाचे प्रतिध्वनी. इंग्रजीत तसं नाही. तिथले हे मुके सोबती एकेकाळी चांगले घरंदाज, स्वतःचा अर्थ असलेले शब्द होते.

‘किथ अँड किन’ घ्या. किन म्हणजे रक्ताचे नातेवाईक, तो अजून चालतो. पण किथ? जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता ओळख, माहिती, आणि त्यावरून आपल्या ओळखीचा मुलूख. मग त्या मुलखातली ओळखीची माणसं. मूळ शब्द ‘कूथ’, म्हणजे ठाऊक असलेला. आज अडाणी, असंस्कृत माणसाला इंग्रजीत ‘अनकूथ’ म्हणतात, तो शब्द मुळात नुसता ‘अनोळखी’ एवढंच सांगत होता. जो ठाऊक नाही तो गावंढळ, असा प्रवास त्या शब्दाने केला, आणि तो काही इंग्रजांपुरता नाही. तर किथ अँड किन म्हणजे मुळात ‘माझा मुलूख आणि माझी माणसं’. मी वर्षानुवर्षं ‘सगेसोयरे’ लिहीत आले. जमतं. पण त्यात जमीन सुटते. ‘आप्तेष्ट’ जास्त जवळचा वाटतो, कारण त्यात जन्माने मिळालेले आणि आवडीने जोडलेले असे दोन्ही बसतात. तरीही पायाखालची ओळखीची वाट त्यात नाहीच.

‘ह्यू अँड क्राय’मध्ये मी असाच मार खाल्ला. ह्यू म्हणजे रंगछटा हे शाळेपासून ठाऊक, म्हणून आधी रंगाचाच काहीतरी संबंध लावत बसले होते. हा ह्यू निराळा. फ्रेंचमधल्या ओरडणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. आज या जोडीचा अर्थ ओरड, गदारोळ, वर्तमानपत्रांतून उठलेली हाकाटी. पण पहिल्या एडवर्डच्या काळात ती कायदेशीर जबाबदारी होती. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने सांगितलं, की चोरी-दरोडा दिसला की हाळी द्यायची, ती ऐकणाऱ्याने हातातलं काम टाकून पाठलागाला निघायचं, आणि गावागावांतून ती पुढे पोचवायची. पोलीस नावाची गोष्टच नव्हती. १५ ते ६० वयाच्या प्रत्येक पुरुषाने ऐपतीप्रमाणे शस्त्र बाळगायचं. चोर दबा धरून बसू नयेत म्हणून बाजाराच्या गावांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंची दोनशे-दोनशे फूट झाडी तोडायची. आणि दरोडेखोर सापडलेच नाहीत, तर भरपाई सगळ्या परगण्याने मिळून द्यायची. म्हणजे आरडाओरडा करणं हा हक्क नव्हता, तो न केला तर दंड होता. आता आपण एखाद्या बातमीवर ‘ह्यू अँड क्राय’ झाला असं वाचतो तेव्हा ओरडणारे घरी बसलेले असतात.

‘टू अँड फ्रो’मधला फ्रो हा उत्तरेकडच्या नॉर्स लोकांनी आणलेला, अर्थ ‘पासून’. ‘बेक अँड कॉल’मधला बेक म्हणजे हाताने किंवा मानेने केलेली खूण. मालक कधी हाक मारून बोलावी, कधी नुसती मान हलवी, चाकराने दोन्हीला ओ द्यायची. ‘सेफ अँड साउंड’मधल्या साउंडचा आवाजाशी काही संबंध नाही, तो धडधाकट या अर्थाचा वेगळाच जुना शब्द आहे. आपलं ‘सुखरूप’ एकटंच दोघांचं काम करतं.

पण खरी मेजवानी ‘स्पिक अँड स्पॅन’मध्ये आहे. आज अर्थ काय, तर लख्ख, चकाचक. जुन्या नॉर्समध्ये ‘स्पान’ म्हणजे लाकडाची ढलपी, आणि नुकत्याच तासलेल्या ढलपीसारखं नवं ते ‘स्पान-नवं’. त्याला इंग्रजीत ‘स्पिक’ येऊन चिकटला. स्पिक म्हणजे स्पाइक, खिळा. ढलपी नवी, खिळाही नवा, असं करकरीत. सोळाव्या शतकात हे शब्द ‘स्पिक अँड स्पॅन न्यू’ असे तिघं मिळून फिरायचे. सॅम्युएल पेप्स यांच्या १६६५ च्या रोजनिशीत एक बाई चिखलाच्या गल्लीतून नवेकोरे ‘स्पिक अँड स्पॅन’ पांढरे बूट घालून चाललेल्या आहेत. मग ‘न्यू’ गळून पडलं, आणि नव्याचं नुसतं स्वच्छ राहिलं. त्या ढलपीचं अजून एक नातं सांगते. इंग्रजीतला ‘स्पून’ हाही मुळात ढलपीच. पहिले चमचे लाकडाचे, म्हणून ढलपीचं नाव चमच्याला मिळालं आणि ढलपी स्वतः मात्र त्या शब्दातून कायमची बाहेर पडली. आपल्या ‘कोरा करकरीत’मध्येही असंच न धुतलेलं, न वापरलेलं, हात लावला की वाजणारं काहीतरी आहे. या एका ठिकाणी आपण त्यांच्याशी बरोबरीत सुटलो असं मला वाटतं.

‘बाय अँड लार्ज’मध्ये मात्र मी हरले. अर्थ ‘एकंदरीत’, ‘ढोबळमानाने’. पण हे बोलणं शिडाच्या जहाजांवरचं आहे. वाऱ्याच्या तोंडाला जमेल तितकं भिडून जहाज हाकणं म्हणजे ‘बाय’, आणि वारा पाठीशी घेऊन मोकळ्या शिडांनी जाणं म्हणजे ‘लार्ज’. जे जहाज दोन्ही तऱ्हांनी नीट चालतं ते ‘बाय अँड लार्ज’ चांगलं. १६६९ च्या एका नाविक-ग्रंथात ही जोडी याच अर्थाने छापलेली आहे. एवढा सगळा वारा त्या तीन शब्दांत कोंडलेला, आणि मी लिहिणार ‘एकंदरीत’. लिहिलं. काय करणार?

या सगळ्यात एक गोष्ट उशिरा लक्षात आली, ती म्हणजे या जोड्या उलटत नाहीत. ‘ऑर्डर अँड लॉ’ म्हणून पाहा. चूक काहीच नाही, पण बोलणारा परका आहे हे लगेच कळतं. (जाता जाता, लॉ अँड ऑर्डरचं मराठी करताना ‘ऑर्डर’ची आपण ‘सुव्यवस्था’ केली. त्यांना नुसती व्यवस्था चालते, आपल्याला चांगली हवी.) याकोव माल्कील यांनी १९५९ साली अशा न उलटणाऱ्या जोड्यांवर एक लांबलचक निबंध लिहिला, आणि मग भाषाशास्त्रज्ञांना हा नादच लागला. आधी कोण, मग कोण, हे ठरवतं कोण?

एक नियम सोपा आहे: आखूड शब्द आधी, लांब नंतर. लॉ अँड ऑर्डर, पार्ट अँड पार्सल, हेल अँड हार्टी. ओट्टो बेहागेल या जर्मन विद्वानांनी १९०९ मध्ये तो मांडला आणि त्याला त्यांचं नाव मिळालं. तो वाचला तेव्हा मला संस्कृतच्या तासाला पाठ केलेलं काहीतरी ऐकू यायला लागलं. द्वंद्व समासात कोणतं पद आधी ठेवायचं याबद्दल पाणिनीचं एक सूत्र आहे, ‘अल्पाच्तरम्’. ज्यात स्वर कमी, ते पद आधी. ‘प्लक्षन्यग्रोधौ’ हे त्याचं ठरलेलं उदाहरण, दोन झाडांची जोडी: दोन स्वरांचा प्लक्ष आधी, तीन स्वरांचा न्यग्रोध म्हणजे वड नंतर. अडीच हजार वर्षांच्या आगेमागे कधीतरी पाच अक्षरांत सांगून झालेली गोष्ट! मला बेहागेलांचा राग नाही, पण थोडी कीव आली.

त्या सूत्रावरच्या वार्तिकांत, म्हणजे पुरवणी नियमांत, पुढे माणसंही शिरतात. ज्याचा मान जास्त तो आधी, म्हणून ‘मातापितरौ’. भावांत थोरला आधी, म्हणून ‘युधिष्ठिरार्जुनौ’. इंग्रजीत हा मान कुणाला मिळतो ते पाहू गेलं तर गोंधळ आहे. ‘मेन अँड विमेन’, ‘हस्बंड अँड वाइफ’ इथे पुरुष पुढे. सभेत मात्र ‘लेडीज अँड जंटलमेन’, आणि लग्नात ‘ब्राइड अँड ग्रूम’. आपल्याकडेही नवराबायको, पतिपत्नी, पण वधूवर आणि स्त्रीपुरुष. लग्नाच्या दिवसापुरती तिला पुढे उभी करायची आणि दुसऱ्या दिवसापासून मागे, यावर दोन्ही भाषांचं एकमत दिसतं. इंग्रजीत आणखी एक जुनी जोडी होती, ‘मॅन अँड वाइफ’. तो माणूसच राहिला आणि ती बायको झाली म्हणून आज ती खटकते, पण जुन्या इंग्रजीत ‘वीफ’ म्हणजे नुसती स्त्री. सुईणीला ‘मिडवाइफ’ म्हणतात त्यात ती अजून आहे, ‘स्त्रीच्या सोबत असणारी’.

१९७५ साली कूपर आणि रॉस या दोघांनी आणखी एक कल्पना मांडली. बोलणारा स्वतःला मध्यभागी धरतो, आणि जे त्याच्या जवळचं ते आधी बोलतो. हिअर अँड देअर, धिस अँड दॅट. आपलं इकडेतिकडे, हे-ते, ये-जा तंतोतंत तसंच. म्हटलं, चला, सगळी माणसं इथूनतिथून सारखीच. मग अडखळले. ते म्हणतात ‘मोअर ऑर लेस’, आपण म्हणतो कमीजास्त. त्यांचं ‘विन ऑर लूज’, आपलं हारजीत. त्यांचं ‘ग्रेट अँड स्मॉल’, आपलं लहानथोर. त्यांचं ‘रेन ऑर शाइन’, आपलं ऊनपाऊस. यावरून त्यांच्या नि आपल्या स्वभावावर दोन पानं सहज लिहिता येतील, आणि ती सगळी खोटी असतील. कारण ‘प्रॉफिट अँड लॉस’ आणि नफातोटा दोघांचे सारखे आहेत, आणि पाऊस आधी धरायचा की ऊन यावरून कुणाचा स्वभाव ओळखायचा? आपल्याकडे तर उलटल्यावर अर्थच बदलणाऱ्या जोड्या आहेत. ‘मागेपुढे पाहिलं’ म्हणजे कचरलो. ‘पुढेमागे पाहू’ म्हणजे कधीतरी, बहुधा कधीच नाही. हे इंग्रजीत कसं न्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

न उलटणारी एक जोडी अशी आहे, की तिची जागा बदलली आणि ती कवितेसारखी वाटायला लागली. ‘टू हॅव अँड टू होल्ड’. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथात ती लग्नाच्या शपथेत आहे, आणि लोक ती ऐकून डोळे पुसतात. पण हेच शब्द जमिनीच्या खरेदीखतात लॅटिनमध्ये असायचे, ‘हाबेंदुम एत तेनेंदुम’. मालकी असावी आणि कब्जा राहावा. दस्तातल्या त्या कलमाला अजून ‘हाबेंदुम’ म्हणतात. मी दोन्ही भाषांतरं केली आहेत. खरेदीखतात ‘धारण करणे व उपभोगणे’ असं काहीतरी लिहिलं. शपथेच्या वेळी तासभर बसून ‘जवळ घेईन आणि जपेन’ लिहिलं. इंग्रजीत मात्र वधूला आणि शेताला तेच शब्द पुरले.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीने तिचं पहिलं काम माझ्या टेबलावर ठेवलं, कसल्याशा विम्याचा मसुदा. आधी यंत्राकडून कच्चा अनुवाद करून घेतला होता, मग तिने तो सुधारला होता. एका ठिकाणी यंत्राने ‘वेअर अँड टेअर’चं ‘पेहराव आणि अश्रू’ केलं होतं, म्हणजे ‘नेहमीचा पेहराव आणि अश्रू यांची भरपाई मिळणार नाही’. तिने ते खोडून ‘झीज व मोडतोड’ केलं होतं. मी मनातल्या मनात तिला शंभर गुण दिले, आणि पेहराव-अश्रूंचं ते वाक्य माझ्या वहीत उतरवून घेतलं.

मग शेवटच्या पानावर तिची पेन्सिलची खूण दिसली. ‘टर्म्स अँड कंडिशन्स’साठी तिने सगळे लिहितात तसं ‘अटी व शर्ती’ लिहिलं होतं, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

“मॅडम, अट आणि शर्त यांत फरक काय?”

मी तोंड उघडलं. अट मराठीतली, शर्त अरबी, हे सांगता आलं असतं. विंचेस्टरपर्यंत जाऊन आले असते. “दोन वेगळ्या आहेत का?” तिने पुन्हा विचारलं. “नसतील तर एक काढून टाकते. ग्राहकाने पाळायच्या तर एकदाच आहेत ना?”

अगदी सरांसारखं. मी कागद हातात घेतला, चष्मा वर सरकवला, थोडा वेळ दोन्ही शब्दांकडे पाहत बसले, आणि म्हटलं, “राहू दे. दोन्ही राहू दे.”